आधी गरज, मग प्रमाणपत्र : विशेष शिक्षणाच्या सेवा मुलापर्यंत कशा पोचतात?

मागच्या व्याख्यानात आपण समता म्हणजे सगळ्यांना सारखंच वाटणं का, हा प्रश्न घेतला होता. ॲरिस्टॉटलपासून निघून आपण राज्यघटनेपर्यंत आलो. त्यानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न आले त्यांतले बरेचसे पालकांचे होते, आणि फार साधे होते. मुलगा चौथीत आहे, धडा वाचता येत नाही; सर्टिफिकेट कुठे मिळेल? मुलीला गणित अजिबात जमत नाही. बोर्डाच्या सवलतीसाठी काय करावं? तेव्हा आज ॲरिस्टॉटलला सुट्टी.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘सर्टिफिकेट कुठे मिळतं?’ हा दुसरा प्रश्न आहे. ‘या मुलाला शिकायला काय लागतं आणि ते कोणी द्यायचं?’ हा पहिला. आपल्याकडे दुसरा प्रश्न आधी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर शोधण्यात मुलाची तीन-चार वर्षं निघून जातात. वाचायला शिकण्याच्या वयातली वर्षं, बरं का.

हा ‘गरज’ शब्द आला कुठून, ते थोडक्यात बघू, कारण त्यात आमच्या विषयाच्या एका बाईंचा हात आहे. मेरी वॉरनॉक. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकवायच्या, सार्त्रवर पुस्तक लिहिलेलं. ब्रिटन सरकारने त्यांना विशेष शिक्षणावरच्या समितीच्या अध्यक्ष केलं आणि १९७८ मध्ये अहवाल आला. तोवर तिथे मुलांची अपंगत्वाच्या ठरावीक प्रकारांत वाटणी व्हायची, आणि प्रकार ठरला की शाळा ठरायची. वॉरनॉक समिती म्हणाली, हे प्रकार काढून टाका आणि मुलाची शैक्षणिक गरज काय आहे ते विचारा. दर पाच मुलांपैकी एकाला शालेय आयुष्यात कधी ना कधी जादा मदत लागू शकते, असाही त्यांचा अंदाज होता. मग १९८१ चा कायदा आला आणि गरज लिहून देणारं एक सरकारी पत्र सुरू झालं. पुढे झालं असं की सगळी झटापट त्या पत्रासाठीच होऊ लागली. २००५ मध्ये वॉरनॉकबाईंनी स्वतःच त्या व्यवस्थेवर कडक टीका केली. आपल्याकडे जे चाललंय ते ओळखीचं वाटतं, नाही का?

आता आपला कायदा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत वाचन-लेखन-गणिताच्या अडचणी, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया, नव्हत्याच. स्वमग्नताही नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ त्यात आली. पण आम्हाला यादीपेक्षा कलम १६ महत्त्वाचं वाटतं. सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शाळांमध्ये काय व्हायला हवं ते तिथे लिहिलंय. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते उपाय करावेत. त्यात ‘आधी प्रमाणपत्र आणा’ असं कुठेही म्हटलेलं नाही. सरकारने तसा प्रयत्न करावा, अशी त्या कलमाची भाषा मऊ आहे, हे खरं. तरी ‘ओळखणं’ हे शाळेचं काम आहे, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

म्हणून पहिलं पाऊल शाळेत टाकायचं, दवाखान्यात नाही. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात ‘मुलाला एलडी आहे’ असं लिहू नका. ते ठरवणारे तुम्ही नाही आणि मुख्याध्यापकही नाहीत. जे दिसतं ते लिहा. ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये गल्लत होते, जोडाक्षर आलं की थांबतो, फळ्यावरचं उतरवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर देतो. शेवटचं वाक्य विसरू नका, त्यातच खूप काही असतं. वर्गशिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ नावाची तपासणी यादी आहे, तिचं ॲपही आहे. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक. ती भरली का, हे पालकांनी विचारावं. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांसाठी समग्र शिक्षा अभियानात तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. शाळेने दाद दिली नाही तर जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशाचं आणि सोयींचं काम पाहणारा एक नोडल अधिकारी असायला हवा, असं २०१७ चे नियम सांगतात. त्यांचं नाव विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी नाव विचारल्यावरच तो अधिकारी ‘तयार’ होतो!

मग प्रमाणपत्र कशाला लागतं? लागतं, नक्कीच लागतं. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेतून सूट, यासाठी लागतं. खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागांत दिव्यांग मूल म्हणून अर्ज करायला लागतं. ते शासकीय रुग्णालयातूनच घ्यावं लागतं आणि अर्ज यूडीआयडीच्या पोर्टलवर करायचा असतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं एलडी क्लिनिक पालकांना ऐकून माहीत असतं. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. खासगी मानसतज्ज्ञाचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. पण तो टाकाऊही नाही. उपचारात्मक अध्यापन कुठून सुरू करायचं, हे बहुधा त्यावरूनच कळतं.

तपासणीत आधी डोळे आणि कान बघतात, मग बुद्ध्यंक, आणि मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. २०१८ च्या सूचनांनुसार आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी, अशी चौकट होती. २०२४ मध्ये नव्या सूचना निघाल्या आहेत, तेव्हा कोणी जुनी झेरॉक्स हातात ठेवली तर चालू नियम विचारा.

इथे एका गोष्टीवर जरा थांबायला हवं. चाचणी कोणत्या भाषेत होते? मूल घरी मराठी बोलतं, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि चाचणी इंग्रजीत. मुलाला वाचता आलं नाही तर ती अक्षमता आहे की ती भाषाच त्याच्या कानावर पुरेशी पडलेली नाही? दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, आणि उपाय अगदी वेगळे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाच्या चाचण्या तयार केल्या आहेत, त्या मराठीतही आहेत. अस्सल डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला सहसा घरच्या भाषेतही अडचण येते. म्हणून ‘मराठीतही तपासा’ असं पालकांनी ठामपणे म्हणावं. आमच्या मते हे न विचारताच व्हायला हवं, पण ते जाऊ द्या.

आणि जी मुलं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत त्यांचं काय? त्याच २०१८ च्या चौकटीत अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच पुढे न्यायच्या होत्या. बौद्धिक अक्षमतेची रेघ साधारण सत्तरच्या आसपास. मधली मुलं, ज्यांना शिक्षक ‘हळू शिकणारी’ म्हणतात, ती इकडचीही नाहीत आणि तिकडचीही नाहीत. त्यांना कागद मिळत नाही, पण म्हणून त्यांची गरज नाहीशी होते का? वॉरनॉकबाईंचा मुद्दा इथे पटतो. आकडा एक-दोन गुणांनी हलला की मूल बदलत नाही.

कायदाही हा फरक काही प्रमाणात मानतो. लिहिताना हाताला त्रास होणाऱ्या एका उमेदवाराला, त्याचं अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही म्हणून, केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘दिव्यांग’ आणि ‘चाळीस टक्क्यांवरचे दिव्यांग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाजवी सोय दुसऱ्या गटापुरती बांधून ठेवता येत नाही. ‘सवलत’ हा शब्द आम्हाला खटकतो तो यामुळेच. सवलत दिवाळीत कपड्यांवर मिळते. ही सोय आहे, आणि ती देय आहे.

पण परीक्षेतली सोय म्हणजे शिक्षण नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. नववीत धावपळ करून प्रमाणपत्र मिळवलेली मुलं दहावी पास होतात. फॉर्म मात्र त्यांना अजून दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. दुसरीतच कोणी रोज अर्धा तास अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालून शिकवलं असतं तर? तसं शिकवणारी माणसं कमी आहेत, हे खरं दुखणं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, रजनीश कुमार पांडे खटल्यात, प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरायला सांगितलं. तुमच्या तालुक्यात ते आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारता येतं. समितीत पालकच बहुसंख्य असतात.

ज्यांचं मूल आत्ता नववीत आहे त्यांच्यासाठी एवढंच. रुग्णालयातली तारीख उशिरा मिळते, म्हणून अर्ज या आठवड्यातच करा. शाळेकडून बोर्डाकडे प्रस्ताव कधी जातो ते मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. मधल्या काळात धडा मोठ्याने वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. आणि लेखनिक मिळणार असेल तर एक सहामाही परीक्षा तशी देऊन पाहू द्या. आपलं उत्तर दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे. पूर्णविराम कुठे, आकृतीला नावं कशी द्यायची, हे सगळं बोलून सांगावं लागतं. मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलात ते पहिल्यांदा करायला लावू नका.