ॲव्होकॅडोची कोय आणि दारातला बकरा

ॲव्होकॅडो आमच्या घरात आला तो धाकटीच्या हट्टापायी. भाव ऐकून अम्मींनी कपाळाला हात लावला आणि चव घेतल्यावर तर तोंडच वाकडं केलं. "ना गोड, ना आंबट!" शेवटी दूध-साखर घालून मिक्सरमधून काढला, तेव्हा कुठे सगळ्यांनी प्यायला. कूर्गकडे याला बटरफ्रूट म्हणतात, ते नाव आम्हाला जास्त पटलं. पण त्यातून निघालेली लिंबाएवढी गुळगुळीत कोय काही टाकवेना.

कोय वाळू न देता धुतली. रुंद बाजू खाली, निमुळती वर, अशी धरून मधोमध तीन टूथपिक टोचल्या आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासावर टेकवली. खालचा भाग तेवढा पाण्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊब आणि उजेड होता, तिथे ग्लास ठेवला. चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं, एवढंच काम. काम सोपं, वाट पाहणं अवघड! महिना गेला तरी कोय जशीच्या तशी. अम्मी रोज म्हणायच्या, "फेका आता." सहाव्या आठवड्यात कोय उभी तडकली, आधी पांढरं मूळ खाली उतरलं, मग लालसर कोंब वर आला. घरातले सगळे ग्लासाभोवती जमले होते.

कोंब वीतभर झाल्यावर अर्धा खुडला. जीव होत नव्हता, पण खुडला नाही तर झाड काठीसारखं सरळसोट वाढतं, फांद्या फुटत नाहीत. मग तळाला भोकं असलेल्या कुंडीत, कोय अर्धी मातीबाहेर राहील अशी लावली. पानं पिवळी पडून गळू लागली तेव्हा कळलं की लाडाने पाणी जास्त होत होतं. या झाडाची मुळं पाण्यात राहिली की कुजतात. पानांची टोकं करपली ती बोअरच्या खारट पाण्याने.

दुसऱ्या वर्षी बकरी ईदच्या आधी बकरा घरी आला. मुलांनी त्याला नाव ठेवलं, पाला चारायची पाळी लावली. त्याच दिवशी आम्ही झाडाचे शेंडे छाटले होते. धाकटी ती हिरवीगार पानं ओंजळीत घेऊन बकऱ्याकडे निघाली. नशिबाने शेजारचे जनावरांचे डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी तिचा हातच धरला. ॲव्होकॅडोच्या पानांत आणि कोयीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. माणसाला पिकलेला गर चालतो, पण पानांनी शेळी-बकऱ्याच्या हृदयाला इजा होते, दुभत्या शेळीची कास सुजते. पिंजऱ्यातल्या पाखरांना तर गरही देऊ नये. काही जातींत हे कमी असतं म्हणतात, पण बाजारातल्या फळाच्या कोयीची जात कोणी सांगावी?

आम्ही गारच पडलो. झाड लावावं, त्यातून माणसाने, जनावराने, पाखराने खाल्लं तर लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो, हे आम्हीच मुलांना शिकवत आलो होतो. धाकटीने रडत विचारलं, "मग या झाडाचा सदका कसला?" आम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही. अम्मी म्हणाल्या, "सावलीचा."

फळाची आशा फारशी नाही. कोयीपासूनच्या झाडाला फळ यायला पाच ते तेरा वर्षं लागू शकतात, कुंडीत आणि घरात तर क्वचितच येतं, आणि आलंच तरी मूळ फळासारखं निघेल असं नाही. खात्रीचं फळ हवं असेल तर नर्सरीतून कलम आणून अंगणात लावावं.

आमचं झाड आता धाकटीच्या खांद्याएवढं आहे. ईद जवळ आली की कुंडी आतल्या खोलीच्या खिडकीत जाते. छाटलेली पानं आम्ही कचऱ्यात टाकत नाही, गल्लीतल्या शेळ्या कचराच उपसतात. त्याच कुंडीत, बोटभर खोल पुरतो. ते काम धाकटी करते, दुसऱ्या कोणाला करू देत नाही.