पद्मिनी पेट्रोलवरून गॅसवर आली तेव्हा

गिरगावात वर्षानुवर्षं धावलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी मूळची पेट्रोलवरची : १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्स्या सीएनजीवर आल्या. इंजिन तेच राहिलं, बदलल्या नळ्या आणि तारा.

डिकीतल्या टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने भरतात. प्रवाशाची बॅग गेली टपावर. टाकीपासून पोलादी नळी गाडीच्या पोटाखालून बॉनेटमधल्या रेग्युलेटरपर्यंत येते. दाब उतरताना गॅस इतका गार पडतो, की रेग्युलेटर गोठू नये म्हणून त्यात इंजिनाचं गरम पाणी फिरवतात.

खरी मेख डॅशबोर्डखालच्या तीन टप्प्यांच्या बटणात. पेट्रोलवरून थेट गॅसवर गेलात, तर कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल आणि गॅस एकदम आत जाऊन इंजिन गुदमरतं. म्हणून आधी बटण मधे, पेट्रोल-गॅस दोन्ही व्हॉल्व्ह बंद. वाटी रिकामी होऊन इंजिन अडखळलं, की मगच गॅस. व्हॉल्व्हची वायर बॅटरीवरून थेट ओढणारा मेकॅनिक टाळावा. ती इग्निशनमधून, फ्यूज लावूनच घ्यायची. चावी काढताच गॅस तुटला पाहिजे.