मुक्या पेशंटचं बिल

प्राण्यांवरची क्रूरता रोखणारा 1960 चा कायदा बहुतेकांना ठाऊक असतो तो त्यातल्या शिक्षेमुळे. त्यातलं कलम 35 सहसा कुणी वाचत नाही. छळ झालेल्या जनावराला दंडाधिकारी उपचारासाठी पाठवू शकतो आणि खर्च मालकानं सोसायचा, असं ते सांगतं. पण लगेच एक परंतुक येतं. मालकाची गरिबी पाहून दंडाधिकाऱ्यानं तसा आदेश दिला, तर उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत! हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

यामागची अडचण एखाद्या गाडीवानाकडे पाहिलं की कळते. बैलाला खांदेसूज आलेली. जू टेकलं की सुजलेलं कातडं घासून सोलतंय, तरी तो जुंपलेलाच. गाडीवान पकडला जातो, बैल दवाखान्यात जातो. बैल तिकडे म्हणजे गाडी दारात उभी, कमाई बंद आणि बिल मात्र रोज वाढतंय. ही सूट फक्त उपचारांपुरती आहे, चारापाण्याचा आणि नेण्या-आणण्याचा खर्च तिच्यात येत नाही. तरीही कायद्याच्या कोरड्या भाषेत एवढी माणुसकी बसवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

मुंबईत अशा जनावरांचं ठिकाण परळचं. पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं नाव, पण लोकांच्या तोंडी ‘बैलघोडा हॉस्पिटल’. मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली ती 1874 मध्ये, आणि प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी इथली संस्थाही त्याच वर्षीची. शहराची सगळी ने-आण तेव्हा जनावरांच्या पायांवर चालत होती. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी 1883 मध्ये पत्नीच्या नावानं या रुग्णालयाला हात दिला, आणि 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालयही याच आवारात सुरू झालं.

कॉलेज आणि दवाखाना शेजारी आले की पैशाचं गणितच बदलतं. मोडलेलं हाड चाचपून ओळखणं पुस्तकातून येत नाही. घाबरलेल्या कुत्र्याच्या तोंडाला बँडेजच्या पट्टीचं मुसकं कसं बांधायचं, पायावरचे केस काढून शीर कशी शोधायची, हे जिवंत पेशंटवरच शिकावं लागतं. विद्यार्थ्यांना केस हव्या असतात आणि गरीब मालकाला उपचार. म्हणून नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत खाजगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. आपलं भटक्यासारखं दिसणारं कुत्रं पुढच्या डॉक्टरांना घडवतंय, हे बाकावर वाट पाहणाऱ्या मालकाला कुणी सांगतही नाही!

लंडनमध्ये हेच बिल वेगळ्या हातांनी भरलं गेलं. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1917 मध्ये मारिया डिकिन यांनी व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतल्या एका तळघरात दवाखाना उघडला. कुठलंही आजारी जनावर आणा, पैसे पडणार नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं. काही वर्षांतच घोड्यांनी ओढायचा फिरता दवाखाना त्यांनी स्वतः आखून बनवून घेतला. पीडीएसए नावानं ती संस्था आजही ब्रिटनभर रुग्णालयं चालवते. सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्यांच्या प्राण्यांना तिथे मोफत किंवा अगदी कमी पैशांत उपचार मिळतात. या पैशाचा मोठा वाटा येतो मृत्युपत्रांतून! कुणीतरी मरताना ठेवून गेलेल्या रकमेवर एखाद्या अनोळखी घरातलं मांजर बरं होतं. माणसांच्या ऑपरेशनचं बिल ज्या देशात बहुधा घरी येतच नाही, तिथेही प्राण्यांसाठी हा आधार लागतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती मदत मात्र पैशाची नाहीच. पार्व्हो या आजारानं गाठलेलं कुत्र्याचं पिल्लू घ्या. उलट्या, रक्ताचे जुलाब, काही तासांत शरीरातलं पाणी संपत येतं. एरवी उपाय एकच, दवाखान्यात ठेवून दिवसरात्र सलाइन, आणि बिल तिथेच फुगतं. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 40 कुत्री घेऊन दोन गट केले. एकाला हे पूर्ण उपचार. दुसऱ्या गटाला सुरुवातीला शिरेतून सलाइन देऊन सावरलं, मग कातडीखाली सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि बराच काळ टिकणारं एकच अँटिबायोटिक, म्हणजे घरून ये-जा करून जमेल एवढंच. पहिल्या गटात 90 टक्के कुत्री वाचली, दुसऱ्यात 80 टक्के!

पैसे नाहीत म्हणून पिल्लू तसंच घरी नेणं आणि हा दुसरा मार्ग, यांत जगण्यामरण्याचं अंतर आहे. म्हणून केस पेपर काढतानाच डॉक्टरांना खिशात किती आहेत ते सांगून टाकावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एवढ्यात काय बसेल, कुठली तपासणी उद्यावर टाकता येईल, घरी काय करता येईल, हे मग त्यांना आधीच ठरवता येतं. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पार्व्होची लस सुरू करता येते, आणि तिचा खर्च या सगळ्यापुढे अगदीच थोडा असतो.