येतो आहे की जातो आहे?

उघड्या माळावर दूरवर एखादी मनुष्याकृती चालताना दिसावी आणि ती आपल्याकडे येत आहे की आपल्यापासून दूर जात आहे हे काही केल्या उमगू नये, असा अनुभव पुष्कळांना आला असेल. दोष दृष्टीचा नसतो. अडचण भूमितीची आहे.

निरोगी डोळ्याला साधारणतः एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा दिसतो. एक किलोमीटरवर ही कला सुमारे २९ सेंटिमीटर भरते. चेहरा त्याहूनही अरुंद. तेव्हा नाकडोळे कोणीकडे आहेत हे दिसण्याची आशाच नको. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस तेथे अवघा सहा कलांचा दिसतो. तो आडवा चालला तर सेकंदाला जवळजवळ पाच कला सरकतो आणि ते तत्काळ कळते. पण सरळ आपल्याकडे येऊ लागला तर मिनिटभरात जेमतेम ८४ मीटर पुढे येतो आणि सहाचा साडेसहा कलांचा होतो. एवढीशी वाढ कोणाच्या ध्यानात येणार?

उंचावरून पाहिले की चित्र पालटते. सपाटीपासून १०० मीटर उंच टेकडीवरून तोच माणूस तेवढ्याच मिनिटात सुमारे अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ चंद्रबिंबाच्या व्यासाएवढा, खाली उतरलेला दिसतो. डोंगरी किल्ल्यांवरील पहारेकऱ्यांना हा लाभ आपसूकच मिळत असे. टेकडी नसेल तेथे बांध, झुडूप अशा खुणांवर नजर ठेवावी. माणूस त्यांच्या आडून पुढे आला की पुढून आड गेला, एवढ्यावरून निवाडा होतो.

मनाचा कल मात्र निराळाच असतो. स्वीडनच्या गुन्नर योहान्सन यांनी १९७३ साली दाखविले की, अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे दहाबारा प्रकाशबिंदू हलताच पाहणारा ‘हा चालणारा माणूस’ असे ओळखतो. पुढे २००४ मध्ये बेल्जियममधील संशोधकांना आढळले की, अशी संदिग्ध आकृती लोकांना बहुधा आपल्याच दिशेने येणारी वाटते. तिचे पाठमोरी असणेही तितकेच संभवनीय असते, तरीही!

रात्रीच्या रस्त्यावर हा प्रश्न गमतीचा राहत नाही. मोटारचालकाला नुसता उजळ ठिपका दिसला तर तो खांब की माणूस हेच कळत नाही, मग दिशा कोठली? म्हणून पदपथ नसलेल्या रस्त्याने रात्री चालावे लागले तर उजव्या कडेने, समोरच्या वाहनांकडे तोंड करून चालावे. प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या केवळ छातीवर न लावता मनगटे, कोपर, गुडघे आणि घोटे यांवरही बांधाव्यात. हलणारे सांधे चालकाला माणसाची ओळख कितीतरी अगोदर पटवून देतात.