आठवणीतला बर्फ, अनुभवातली थंडी

शीळफाटा : डिसेंबरच्या मध्यास पहाटेचा पारा पंधरा अंशांच्या आसपास घसरला की शीळफाट्याच्या चौकात चहाच्या टपऱ्यांभोवती कानटोप्या आणि मफलर दिसू लागतात. कल्याणहून येणारा रस्ता येथे मुंब्रा-पनवेल मार्गाला मिळतो आणि महापेमार्गे नवी मुंबईकडेही येथूनच जाता येते. जुलै-ऑगस्टच्या रात्री याच चौकातून दोन-दोन मोठ्या बॅगा लादलेल्या गाड्या विमानतळाच्या दिशेने जातात. कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांतून उच्च शिक्षणासाठी अमेरिका, कॅनडाला निघालेली ही मुले. नाताळच्या सुट्टीत त्याच वाटेने त्यांच्या आधी गेलेले परत येतात. जुन्या मित्रांच्या बैठकी जमतात आणि गप्पा फिरून फिरून एकाच विषयावर येतात, तो म्हणजे बर्फ.

या आठवणी ऐकताना पहिली अडचण येते ती भाषेची. आकाशातून पिंजलेल्या कापसासारखा पडणारा, तळ्यावर काचेसारखा थिजणारा आणि उसाच्या रसात घातला जाणारा, हे तिन्ही मराठी माणसाच्या लेखी ‘बर्फ’च. ‘हिम’ हा शब्द आहे, पण तो पुस्तकात. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले तरी आपल्याकडे त्याची बातमी होते, इतका हा पदार्थ आपल्याला परका आहे. त्यामुळे ‘आमच्या कॉलेजात बर्फ पडायचा’ या वाक्यातला बर्फ नेमका कोणता, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. खेळायला मिळतो तो पहिला, माणसे पाय घसरून पडतात ती बहुधा दुसऱ्यावर.

खेळांच्या आठवणी अर्थातच सर्वात रसाळ. अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९०९ मध्ये मैदानी उपक्रमांची संघटना स्थापन केली आणि १९११ पासून तेथे हिवाळी उत्सव भरू लागला. बर्फाच्या दिवसांत खोलीत कोंडून घेण्यापेक्षा बाहेर पडावे, हा त्यामागचा साधा विचार. अनेक विद्यापीठांत भोजनगृहातील ताटे पळवून त्यांवर बसून उतारावरून घसरण्याची परंपरा आहे. व्यवस्थापनाला ती मान्य नसते, पण माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सर्वाधिक हशा तीच पिकवते.

मिशिगन टेक विद्यापीठाची गोष्ट आणखी वेगळी. लेक सुपीरियरमध्ये शिरलेल्या द्वीपकल्पावरील हॉटन या गावी ते आहे. तेथे मोसमात सरासरी सुमारे २०० इंच, म्हणजे पाच मीटर हिमवर्षाव होतो. एवढा बर्फ येतो कुठून, हे पावसाळ्यात शीळफाट्यावरून मलंगगडाच्या रांगेकडे पाहिलेल्या माणसाला सहज समजेल. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे डोंगराला अडून जसे बरसतात, तसेच कॅनडाकडून येणारे कोरडे, गोठवणारे वारे तुलनेने उबदार सरोवरावरून जाताना बाष्प उचलतात आणि पलीकडच्या काठावर ते बर्फाच्या रूपाने टाकतात. साधारण दहा इंच भुसभुशीत हिम वितळले की एक इंच पाणी होते, हे लक्षात घेतले की २०० इंचांचा आकडा तितकासा भयंकर वाटत नाही. फावड्याने वाट मोकळी करणाऱ्याला मात्र या हिशेबाने दिलासा मिळत नाही!

तेथील हिवाळी उत्सव १९२२ पासून चालत आला आहे. विद्यार्थ्यांचे गट महिनाभर खपून बर्फाची प्रचंड शिल्पे उभारतात आणि शेवटची रात्र जागून काढतात. गणपतीच्या आदल्या रात्री मंडळांच्या मांडवात जी धांदल उडते, तिची आठवण येथल्या मुलाला झाल्याशिवाय राहणार नाही. ब्रूमबॉल हा खेळही तेथे घराघरांत पोहोचलेला. बर्फाच्या मैदानावर, पण स्केट्स न घालता, साध्या बुटांनी धावत काठीने चेंडू मारायचा. स्केटिंगसाठी लहानपणापासूनचा सराव लागतो. ब्रूमबॉलमध्ये सारेच घसरतात, त्यामुळे उष्ण प्रदेशातून आलेल्या नवख्यालाही संघात जागा मिळते.

या आठवणींत जे येत नाही, तेही जाणून घेतले पाहिजे. हिवाळ्याच्या पाच महिन्यांत खेळाचे तास मोजकेच असतात. उरलेला काळ बसथांब्यापर्यंत चालत जाण्यात आणि चारच्या सुमारास होणाऱ्या अंधाराशी जुळवून घेण्यात जातो. उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखे भासते, कारण शरीराभोवतीचा उबेचा पातळ थर वारा सतत उडवून नेतो. म्हणूनच एका जाडजूड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर उपयोगी पडतात. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. अंगालगत सुती बनियन घालण्याची आपली सवय तेथे घातक ठरते. सूत घाम शोषते, ओले राहते आणि ऊब काढून घेते.

रस्त्यावरचा ‘काळा बर्फ’ हा दुसरा शत्रू. तो काळा नसतो, पारदर्शक असतो. डांबर खालून दिसत राहते आणि रस्ता केवळ ओला आहे असा समज होतो. त्यावर उपाय म्हणून तेथील नगरपालिका मीठ टाकतात. यामागचे शास्त्र आपल्या वाडेकरी पिढीला पाठ आहे. लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात जाडे मीठ घालून दांडा फिरवला जाई, तो याचसाठी. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पॉटमध्ये त्यामुळे दूध थिजते, रस्त्यावर बर्फ वितळतो. थंडी उणे दहाच्या खाली गेली की साध्या मिठाचा प्रभाव बराच ओसरतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला स्वतःच्या पायांवरच भिस्त ठेवावी लागते.

या परिसरातून बर्फातल्या कॉलेजात गेलेल्या पहिल्या विद्यार्थिनीच्या वाट्याला मात्र खेळ फारसे आले नसावेत. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे घराणे कल्याणचे. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. वय अठरा. जानेवारीत शून्याभोवती रेंगाळणाऱ्या तापमानात नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. आहार शाकाहारीच ठेवला. असे तीन हिवाळे काढून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली.

त्याच फिलाडेल्फियात १८४९ साली अमेरिकेतील पहिला स्केटिंग क्लब निघाला होता. गोठलेल्या स्कुलकिल नदीवर स्केटिंग करणाऱ्या सभासदाने दोरीचे रीळ जवळ बाळगावे, असा त्याचा नियम होता. बर्फ फुटून कोणी पाण्यात पडले तर त्याला ओढून काढता यावे, हा हेतू. मौज आणि जोखीम त्या शहरात अशी शेजारी शेजारी नांदत होती.

आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नियुक्ती त्यांना स्वीकारता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. थंडीने क्षय होतो असे नव्हे. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता. पण आधीच नाजूक असलेली प्रकृती परक्या हवामानात, तुटपुंज्या आहारावर आणि अभ्यासाच्या ताणाखाली ढासळली, हे त्यांच्या चरित्रांवरून स्पष्ट होते. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली आले आणि त्यापाठोपाठ काशीबाई कानिटकरांचे मराठी. माजी विद्यार्थिनी म्हणून गप्पांच्या बैठकीत बसण्याइतके आयुष्य आनंदीबाईंना लाभले नाही. उरली ती पत्रे.

बर्फाची ओळख करून घेण्यासाठी परदेशच गाठावा लागतो असेही नाही. मनालीची गिर्यारोहण संस्था १९६१ पासून, तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून प्रशिक्षण देत आहे. सह्याद्रीत भटकणारी ठाणे-डोंबिवलीची अनेक मुले तेथे जाऊन आलेली आहेत. गुलमर्गला स्कीइंग शिकता येते. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा भरू लागल्या, त्यांत महाराष्ट्राच्या आइस स्केटिंगपटूंनी पदकेही मिळवली. चाकांच्या स्केट्सवर सिमेंटच्या मैदानात सुरुवात करणाऱ्या मुलांसाठी ही कामगिरी लहान नाही.

येत्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरातून बॅगा निघणार आहेत, त्यांनी या बैठकींत ताटावरून घसरण्याच्या गोष्टींबरोबर बुटांचीही चौकशी करावी. येथे मिळणाऱ्या बुटांचे तळवे सहसा गोठलेल्या रस्त्यासाठी बनवलेले नसतात आणि त्यांच्या वजनाने बॅगेतील जागा मात्र अडते. ते तेथे पोहोचल्यावर, पहिला हिमवर्षाव होण्याआधी घ्यावेत. जाड लोकरी मोजे जाऊ शकतील असे, नेहमीच्या मापापेक्षा थोडे मोठे.