अंग आंबलं म्हणजे स्नायू वाढला?

"काल लेग्ज मारले, आज जिना उतरवत नाही. म्हणजे बरोबर लागलंय!" जिममध्ये हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. पाठोपाठ त्याचं 'विज्ञान'ही येतं: वजन उचललं की स्नायू फाटतो, झोपेत शिवला जातो आणि शिवताना जाड होतो. गोधडीला ठिगळ लावावं तसा!

हे खरं असतं, तर सिंहगड उतरून आलेल्या प्रत्येकाच्या मांड्या पैलवानासारख्या झाल्या असत्या. उतरताना ताणलेल्या स्नायूवर भार येतो, तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दोन दिवस खुर्चीत बसतानाही 'आई गं' निघतं. मांड्या मात्र होत्या तेवढ्याच राहतात.

वाढीची खूण इजा नव्हे, ताण. तंतू भार पेलतो, तेव्हा पेशीत संदेशांची साखळी सुरू होते आणि ती एमटॉर नावाच्या प्रथिनापर्यंत पोचते. एमटॉर जागं झालं की रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनांचे कारखाने, ॲक्टिन, मायोसिन ही स्नायूची प्रथिनं जोमाने बनवू लागतात. असलेलाच तंतू जाड होतो. तंतूंची संख्या जवळपास तेवढीच राहते. शंका असेल तर 2009 मधला प्रयोग पाहा. व्यायामाआधी काही जणांना एमटॉर दाबणारं रॅपामायसिन दिलं. व्यायाम तोच, पण स्नायूतली प्रथिननिर्मिती वाढलीच नाही.

मग दुरुस्ती होतच नाही का? होते की. तंतूंना चिकटून बसलेल्या सॅटेलाइट पेशी (अलेक्झांडर मॉरो यांना त्या 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत दिसल्या) त्याच कामाच्या. शिवाय त्या तंतूला नवी केंद्रकंही पुरवतात. पण दुरुस्ती वेगळी, वाढ वेगळी. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 10 तरुणांना 10 आठवडे व्यायाम करायला लावून 2016 मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या व्यायामानंतर प्रथिननिर्मिती सर्वांत जास्त होती, पण ती रफूतच खर्ची पडली. तिचा स्नायूच्या वाढीशी मेळ बसला तो तिसऱ्या आठवड्यापासून, इजा ओसरल्यावर.

आणि आमचे दुखणंप्रेमी नेमके तिसऱ्याच आठवड्यात कुरकुरतात, "आता काही लागतच नाही," आणि सगळा व्यायाम बदलून टाकतात. पुन्हा रफू!

बाकीचे गैरसमज थोडक्यात. व्यायाम सोडला की स्नायूची चरबी होत नाही. दोन्ही पेशी वेगळ्या, एक बारीक होते, दुसरी फुगते. वजनं उचलल्याने बायका 'पुरुषी' दिसू लागत नाहीत. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं.

राहिलं लॅक्टिक ॲसिड. ते साठल्यामुळेच अंग दुखतं, असं सांगितलं जातं. मराठीत अंग 'आंबतं', त्यामुळे हा आंबट संशय आपल्याला लगेच पटतो. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं, आणि अंग सर्वांत जास्त दुखतं ते एक ते तीन दिवसांनी.