वंगणाचा ताप : खान्देशच्या उन्हातले ऑइल कूलर

'वंगण' हा शब्द मराठीत मोटारीच्या फार आधीपासून आहे. बैलगाडीचे चाक करकरू नये म्हणून आसाला जे लावायचे, ते वंगण. एरंडेलात भिजवलेली चिंधी आणि गाडीखाली टांगलेले नळकांडे एवढ्यावर ते काम भागत असे. एरंडेल ही काही मागास वस्तू नव्हती. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिने एरंडेलावरच चालत. चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले, तेही एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरून. आज बाजारात डब्यावर जे नाव दिसते, त्याचे मूळ आपल्या शेताच्या बांधावर उभे आहे.

बैलगाडीच्या आसाला घर्षण असते, पण ताप नसतो. मोटारीच्या इंजिनात वंगणाला तिसरेही काम करावे लागते. ते दोन धातूंमध्ये पातळ थर धरते, घासून निघालेला कचरा वाहून नेते आणि त्याबरोबर उष्णताही वाहून नेते. डिझेल गाडीत ही उष्णता फार मोठी असते. पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची पिचकारी मारून त्याला थंड ठेवतात. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्याच थरावर तरंगतो. म्हणजे पाणी जिथे पोचत नाही, तिथली उष्णता तेल उचलते. मग तेलाला कोण थंड करणार?

अॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे काम खालच्या ऑइल चेंबरला लागणारा वारा करत असे. इंजिने लहान जागेत जास्त ताकद देऊ लागली तेव्हा वारा पुरेनासा झाला आणि ऑइल कूलर आला. त्याचे दोन प्रकार आहेत. एक वाऱ्यावर चालणारा : रेडिएटरसारखी छोटी जाळी, पल्सर २२० सारख्या मोटारसायकलींवर समोर दिसते ती. दुसरा पाण्यावर चालणारा. हा बहुतेक डिझेल गाड्यांत असतो आणि सहसा ऑइल फिल्टरच्या शेजारी किंवा त्याच्याच पायाशी बसवलेला असतो. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंतो अशा वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत जे एकच १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन होते, त्यात फिल्टरचे घर आणि कूलर अशी जोडगोळीच होती.

या दुसऱ्या प्रकारचे पोट समजून घेणे महत्त्वाचे आहे. एकावर एक रचलेल्या पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यांची ती चवड असते. एका फटीतून तेल, पुढच्या फटीतून पाणी, पुन्हा तेल, पुन्हा पाणी. दोघे एकमेकांना स्पर्श करत नाहीत, फक्त पत्र्याआडून उष्णतेची देवघेव करतात. सकाळी गाडी सुरू केली की पाणी आधी तापते आणि तेलाला ऊब देते. पुढे तेल जास्त तापले की तेच पाणी त्याची उष्णता घेऊन रेडिएटरला पोचवते. दोन शेजाऱ्यांमधली ही भिंत जेमतेम पत्र्याइतकी जाड आहे, आणि सगळा प्रश्न या भिंतीचा आहे.

उन्हाचा वाटा

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. रेडिएटर उष्णता टाकतो ती हवेत. हवाच तापलेली असेल तर पाणी आणि हवा यांच्या तापमानातले अंतर कमी होते, आणि उष्णता तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. त्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा, किंवा धुळ्याहून सेंधव्याकडे जाताना बिजासन घाट चढायचा. चढावर वेग कमी, म्हणून वारा कमी. ओझे जास्त, म्हणून ताप जास्त. तेलाचे तापमान सर्वांत वर जाते ते अशा जागी.

इंजिन तेल ९० ते ११० अंशांपर्यंत सुखाने काम करते. त्यापुढे त्याचे जळणे वाढते. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. तेलापेक्षाही आधी हार मानते ते रबर. कूलर आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी ओ-रिंग किंवा पॅकिंग असते. दाबले की उलट दाबणे हा रबराचा गुण असतो. वर्षानुवर्षे तापून ते कडक होते, दाबलेल्या आकारातच राहते आणि उलट दाबणे विसरते. मग तेल बाहेर झिरपू लागते. बाहेरच्या गळतीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. कूलर शाबूत असतो, फक्त पॅकिंग मेलेले असते.

पाण्याचा वाटा

आतली गळती मात्र पाण्याकडून येते, आणि इथे खान्देशची एक जुनी सवय आड येते. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांना थंड ठेवायला विहिरीचेच पाणी सोडत. ते एका बाजूने आत येई आणि कोमट होऊन पाटात पडे. त्या अनुभवातून 'इंजिनाला पाणी म्हणजे पाणी' हा समज घराघरांत बसला. मोटारीतले पाणी मात्र वाहून जात नाही. तेच ते पाणी फिरते आणि शंभर अंशांच्या आसपास तापते.

आपल्या बोअरच्या पाण्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणता योग्य मानते, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. समजा, ६०० चे पाणी गाडीत भरले. ७ लिटरमध्ये ४ ग्रॅमच्या थोडे वर क्षार झाले. एवढ्याने फार बिघडत नाही. पण गाडी आठवड्याला अर्धा लिटर पाणी खाते आणि मालक दर रविवारी तेच पाणी ओततो, असे धरा. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. वर्षाला २६ लिटर पाणी, म्हणजे आणखी १५ ग्रॅमहून अधिक क्षार. सगळेच पत्र्यावर बसतात असे नाही. पण बसायला जागा सापडते ती सर्वांत तापलेल्या आणि सर्वांत अरुंद ठिकाणी, म्हणजे कूलरच्या फटीत. उन्हाळ्यात माठाच्या अंगावर पांढरी खार फुटते, तिचाच हा प्रकार.

खारीचा थर उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनियमच्या मानाने शंभर पटींनी मंद असतो. शिवाय पाण्यातले क्लोराइड पत्र्याला सुईच्या अग्राएवढी भोके पाडते. कुलंट घालायचे ते याचसाठी. 'कुलंट काश्मीरला लागते, पाणी गोठू नये म्हणून. जळगावात काय गोठणार?' हा युक्तिवाद अजून ऐकू येतो. कुलंटमध्ये धातूला गंजण्यापासून वाचवणारी द्रव्ये असतात आणि ते पाण्याचा उत्कलनबिंदूही वर नेते. त्याची गरज द्रासपेक्षा आपल्याकडे कमी नाही.

हेड उघडण्यापूर्वी

पारोळ्याहून धुळ्याला प्रवासी नेणाऱ्या एका काळी-पिवळीची कल्पना करू. पाण्याच्या टाकीत तपकिरी साय दिसते. पहिला निष्कर्ष ठरलेला : 'हेड गॅस्केट गेली.' हेड उतरते, प्लेन करायला जाते, गाडी आठवडाभर उभी राहते, हप्ता मात्र थांबत नाही. सगळे जोडून गाडी बाहेर पडते आणि चार दिवसांनी टाकीत पुन्हा साय येते. कारण दोष कूलरच्या पत्र्यात होता.

हे टाळण्यासाठी दाबाचे गणित माहीत हवे. चालत्या इंजिनात तेलाचा दाब साधारण २ ते ५ किलो असतो, पाण्याचा १ किलोच्या आसपास. म्हणून पत्र्याला भोक पडले की तेल पाण्यात जाते. गाडी बंद केली की तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब बराच वेळ टिकतो. आता उलट प्रवास : पाणी तेलात. म्हणून आतली गळती दुर्लक्षिली तर दोन्ही द्रव बिघडतात. पाणी मिसळलेले तेल दुधाळ होते, आणि ते बेअरिंगचा मऊ थर खाऊन टाकते.

हेड गॅस्केट गेली असेल तर बहुधा सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो. गार गाडी सुरू करताच टाकीत बुडबुडे येतात, पाण्याचे पाइप लगेच टणक होतात, धुराड्यातून पांढरी वाफ येते, कॉम्प्रेशन कमी भरते. टाकीत तेल आहे पण यातले काहीच नाही, तर संशय आधी कूलरवर घ्यावा. गॅस्केटमधून फक्त तेल-पाणी एकत्र होण्याचे प्रकारही क्वचित होतात. पण कूलर तपासणे स्वस्त आहे, हेड उघडणे महाग. क्रम त्यावरून ठरवावा. तेल भरायच्या झाकणाला तेवढी पांढरी साय आणि डिपस्टिकवर तेल स्वच्छ असेल, तर ती बहुधा पावसाळी दमट हवेची वाफ असते.

कूलरची परीक्षा पंक्चरवाल्यासारखी करायची. तो काढून तेलाच्या एका तोंडाला बूच मारायचे, दुसऱ्यातून बेताची हवा द्यायची आणि गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा. पाण्याच्या तोंडातून बुडबुडे आले की निकाल लागला. पाणी गरमच हवे, कारण काही चिरा थंड असताना मिटलेल्या राहतात.

बदलण्याचे काम

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय टाकीचे झाकण उघडू नये. बॅटरीची वजा तार काढावी, मग पाणी आणि तेल रिकामे करावे. वाटेत येणारे पाइप व कव्हर काढताना बोल्ट पुठ्ठ्यावर त्यांच्या जागेप्रमाणे खोचून ठेवावेत. त्यांची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब बोल्ट आखूड जागी पिळला तर अॅल्युमिनियमचे आटे जातात.

कूलर निघाल्यावर तेलाच्या वाटा स्वच्छ फडक्याने बंद कराव्यात आणि बसण्याची जागा लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करावी. ब्लेडचा एक ओरखडा नवी गळती तयार करतो. नवा कूलर जुन्याशेजारी ठेवून भोके जुळवून पाहावीत. ओ-रिंगला ताज्या तेलाचे बोट फिरवावे. तिच्यावर सिलिकॉन पेस्ट थापण्याची जी रीत पडली आहे, ती सोडावी. दाबून बाहेर आलेला सिलिकॉनचा तुकडा तेलाबरोबर फिरतो आणि पिस्टनच्या पिचकारीसारखे बारीक भोक बुजवतो. बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत.

नवे फिल्टर, नवे तेल घालून, इंधन पंपाचा फ्यूज काढून काही सेकंद नुसता स्टार्टर मारावा. तेलाचा दिवा विझला की फ्यूज बसवावा. तेलात पाणी गेलेले असेल तर पहिले तेल स्वस्तातले घालून, जागेवरच काही मिनिटे चालवून ते काढून टाकावे. मग फिल्टरसह खरे तेल भरावे. पाण्यात तेल गेले असेल तर थर्मोस्टॅट काढून, साबणाच्या द्रावाने आणि गरम पाण्याने यंत्रणा निवळेपर्यंत धुवावी. पाण्याच्या पाइपचे रबर तेल लागले की फुगते आणि मऊ पडते. असे पाइप बदलावेत. शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट. तयार मिसळलेले कुलंट असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. हवा काढून घ्यावी आणि १०० किलोमीटरनंतर गळती व पातळी पुन्हा पाहावी.

काढलेल्या द्रवांचेही बघावे लागते. कुलंटची चव गोड असते आणि ते विषारी आहे. गॅरेजच्या दारातले कुत्रे किंवा शेळी ते चाटते. जळके तेल गटारात सोडणे २०१६ च्या घातक कचरा नियमांत बसत नाही. ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे.

कसब कुठे गेले

तांब्या-पितळेचे रेडिएटर होते तेव्हा झाळकाम करणारा कारागीर भोक शोधून टाका मारत असे, आणि वस्तू आणखी काही वर्षे चालत असे. अॅल्युमिनियमच्या पत्र्यांच्या चवडीत आतल्या फटीपर्यंत झाळण्याची पट्टी पोचतच नाही; तो भाग बदलावाच लागतो. यावरून 'आता मिस्त्री फक्त पार्ट बदलतात' अशी तक्रार होते. ती अर्धी खरी आहे. हाताचे एक कसब गेले, हे खरे. पण कोणता भाग बदलायचा हे ठरवण्याचे कसब पूर्वीपेक्षा जास्त मोलाचे झाले आहे. दाब कुठून कुठे जातो, बुडबुडा वायूचा की हवेचा, साय झाकणालाच आहे की डिपस्टिकवरही, हे पाहणारा मिस्त्री काळी-पिवळीवाल्याचा आठवडा वाचवतो.

म्हणून गाडीच्या टाकीत तेल दिसले तर गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारावा : 'भाऊ, हेड उघडण्याआधी कूलर पाण्यात बुडवून पाहिला का?' आणि घरी आल्यावर रविवारच्या बादलीत कोणते पाणी आहे, तेही एकदा बघावे.